आप्पांची काटकसर: कुठे हात घालायचा आणि कुठे नाही

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सासरे, म्हणजे आप्पा, ७४ वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक, गुहागर तालुक्यातल्या गावी सासूबाईंबरोबर राहतात. पेन्शन वेळेवर येते, तीन बँकांत ठेवी आहेत, कर्ज नाही. तरीही रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेतात, घरातलं वायरिंग अजून लाकडी पट्टीवरचं आहे, दोन वर्षं कौलं चाळून घेतलेली नाहीत, बाजारातून पिशवी घेऊन दोन किलोमीटर चालत येतात आणि प्लास्टिकची प्रत्येक पिशवी धुऊन दोरीवर वाळत घालतात. तुम्ही काही म्हणालात की यजमान म्हणतात, ‘याच काटकसरीवर मी शिकलो, तू बोलू नकोस.’ तर याला काटकसर म्हणायचं की चिक्कूपणा, आणि आपण मध्ये कधी पडायचं?

मी चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी देवगडपासून दापोलीपर्यंतच्या छोट्या शाखांमध्ये. आता घरच्या पडवीत बसून गावातल्या लोकांचे फॉर्म भरून देतो. काउंटरच्या आतून माणसाचं पासबुक दिसतं, आणि गाव छोटं असलं की संध्याकाळी त्याचं घरही दिसतं. या दोहोंचा मेळ बसत नसलेली माणसं मी भरपूर पाहिली. त्यातला एक मी स्वतःच होतो, ते पुढे सांगतो.

आधी तुमच्या यादीतून दोन गोष्टी खोडून टाका: पिशव्या आणि चालणं. पिशव्या धुतल्याने कुणाचं काही बिघडत नाही. ७४ व्या वर्षी दोन किलोमीटर चालवतंय, तर रिक्षाचा आग्रह कशाला? ओझं जड असेल तर नारळ-तांदूळ घरपोच मागवा आणि भाजीची पिशवी त्यांच्या हातात राहू द्या. मुंबई-ठाण्याकडून गावी आलेल्यांना इथलं बरंचसं वागणं कंजूषपणाचं वाटतं, कारण त्यामागचा हिशेब त्यांना दिसत नाही. फणसाचे गरे खाल्ले की आठळ्या धुऊन, वाळवून ठेवायच्या, त्या पावसात भाजीला येतात. भिरंडाची सालं वाळवून आमसुलं, रसाचं आगळ. नारळाचं सोडण पाणी तापवायला, करवंटी डावाला, झावळीचे हीर काढून केरसुणी, उरलेलं चुलीत. यात कुणाचं पोट मारलेलं नाही. वस्तू पुरी वापरली, एवढंच. ही काटकसर कोकणाने जन्माला घातली आहे आणि ती मोडायच्या फंदात कुणी पडू नये.

आता गोळी, वायरिंग आणि कौलं. ही तिन्ही वेगळ्या जातीची आहेत. का, ते सांगण्याआधी माझी गोष्ट.

मे महिना होता, आमच्या विहिरीवरची मोटार जळली. वाइंडिंग करून द्यायला माणसाने अडीच हजार सांगितले. मला ते जास्त वाटले. म्हटलं, पावसाळ्यानंतर बघू, तोवर रहाटाने काढू, माझ्या आईने आयुष्यभर रहाटानेच काढलं. घरात हे सांगितलं आणि मी सकाळी साडेनऊला शाखेत निघून गेलो. पुढचे अठरा दिवस असेच गेले. एका दुपारी वळवाची सर येऊन गेली, विहिरीच्या कठड्याजवळची फरशी निसरडी झाली, आणि बायको भरली कळशी घेऊन पडली. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, त्यात भात लावणीचे दिवस. दवाखान्याचा खर्च अडीच हजारांच्या चौपट-पाचपट झाला, पण तो आकडा मी आजवर कुणाला कौतुकाने सांगितलेला नाही. लक्षात राहिलं ते तिचं वाक्य. प्लास्टर घालून घरी आलो तेव्हा ती शांतपणे म्हणाली, ‘तुम्ही पैसे वाचवलेत हे खरं. पण पाणी मी काढत होते.’

तेव्हापासून कुणाचीही काटकसर पाहिली की मी एकच विचारतो: हे वाचलेले पैसे भरतंय कोण? आठळ्यांचे पैसे कुणीच भरत नाही, ते वाया जाणार होते ते वाचले. माझ्या मोटारीचे पैसे बायकोच्या खांद्याने आणि मनगटाने भरले. आप्पांच्या गोळीचे पैसे त्यांचं हृदय आणि मूत्रपिंड भरतंय, आणि उद्या काही झालं तर सासूबाई भरतील, तुम्ही भराल, रात्री दोन वाजता गाडी काढणारा शेजारी भरेल. पाहावं असं जर काही असेल तर ते हेच. माणूस किती कमी खर्च करतो याने काही कळत नाही. एखादा महिना आठ हजारांत सुखाने राहतो, आणि एखादा तीस हजार खर्चून घरातल्या बाईला चष्मा बदलू देत नाही.

देवगडच्या शाखेतली एक आठवण अजून जात नाही. नवरा गेल्यावर एक आजी पत्र्याच्या ट्रंकेतून पासबुकं घेऊन आल्या. ठेवी मिळून अकरा लाखांच्या वर. मी आकडा वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘ह्ये पैशे आमचेच मां?’ हो म्हटलं. ‘मगे माज्या डोळ्याचा आपरेशन कित्याक रवला?’ मोतीबिंदू तीन वर्षं थांबवला होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. नवरा वाईट नव्हता हो. रोज येऊन माझ्याशी बोलणारा, दारूचा थेंब न घेणारा, भला माणूस. त्याच्या डोक्यात पैसा म्हणजे न मोडायची वस्तू होती, एवढंच.

हे असं का होतं, ते आपल्या भागात तरी समजून घ्यावं लागतं. आप्पांच्या वयाची माणसं मनीऑर्डरवर वाढली. घरोघरचा एक पुरुष मुंबईच्या गिरणगावात, आणि महिन्याच्या दहा-बारा तारखेला पोस्टमन येईपर्यंत वाण्याची उधारी. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि कित्येक घरांत ती मनीऑर्डर जी थांबली ती कायमची. आप्पा तेव्हा तिशीत असतील. शिक्षकाचा पगार चालू होता म्हणून त्यांचं घर तगलं असेल, पण भाऊबंदांतलं कुणीतरी वळकटी घेऊन गावी परत आलेलं त्यांनी पाहिलं असणार. त्यांना जाऊन विचारा, ‘संपाच्या वेळी आपल्याकडे काय झालं होतं?’ मला वाटतं, निम्मं उत्तर तिथेच मिळेल. म्हणून ‘आता कशाची कमी आहे’ हे वाक्य त्यांच्यासमोर अजिबात वापरू नका. कमी नसतानाच ती येते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

आता एकेक.

गोळी सर्वांत आधी. मी डॉक्टर नाही, पण एवढं कुठलाही डॉक्टर सांगेल की रक्तदाबाची रोजची गोळी दिवसाआड घेणं म्हणजे कमी औषध घेणं नव्हे, औषध मोडून ठेवणं आहे. दाब वरखाली होत राहतो आणि बाहेर काही दिसत नाही. इथे त्यांच्या काटकसरीशी भांडू नका, तिला काम द्या. डॉक्टरांना विचारून तीच गोळी जनऔषधी केंद्रातून घ्या. या केंद्रांत औषधं ब्रँडच्या मानाने निम्म्याहूनही कमी दरात मिळतात. दोन्ही बिलं त्यांच्यापुढे ठेवा. मास्तर माणूस आहे, वजाबाकी स्वतः करतील. गोळीची किंमत कमी करा, गोळ्या कमी करू नका, ही भाषा त्यांना पटते. माझ्या पडवीत हा उपाय सात-आठ घरांत चालला आहे.

त्याच जोडीला आणखी एक. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या रुग्णालयाच्या उपचारांचं संरक्षण मिळतं. आधारवर कार्ड निघतं, पैसे लागत नाहीत. काटकसरी माणसाला फुकटची हक्काची गोष्ट सोडवत नाही, त्याचा फायदा घ्या. सासूबाई अजून सत्तरच्या आत असतील आणि त्यांचं स्वतःचं बचत खातं असेल तर वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा, सुरक्षा बिमा योजना, खात्यातूनच कापून जाते. वीस रुपये वाचवायचे म्हणून ‘नको’ लिहून दिलेले लोक मी पाहिलेत. त्यांच्यावर रागवायलाही होत नाही.

वायरिंग. लाकडी पट्टीवरची जुनी वायर, खारी हवा, चार महिने ओलसर भिंती. अशा घरात वायरचं आवरण ठिसूळ होतं आणि भिंतीत करंट उतरतो. पूर्ण घराचं वायरिंग एका वर्षात करायला ते तयार होणार नाहीत, आणि त्याची गरजही नाही. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या. जांभ्या कातळावर अर्थिंग नीट लागत नाही, हे इथला प्रत्येक जुना वायरमन सांगेल, म्हणून माणूस तिथलाच घ्या. यंदा न्हाणीघर आणि स्वयंपाकघर, पुढच्या वर्षी बाकी. या बाबतीत मी मात्र परवानगीची वाट पाहणार नाही. गोळीच्या बाबतीत शरीर त्यांचं, त्यांच्याशी बोलून घ्यावं. बोर्डाला हात सासूबाईही लावतात आणि सुट्टीत तुमची मुलंही. जिथे किंमत दुसऱ्याच्या जिवाने भरायची आहे, तिथे वडीलधाऱ्यांचा मान ठेवून, पण विचारत न बसता काम करून टाकावं. बिल यजमानांनी द्यावं. आप्पा दोन दिवस बोलणार नाहीत. चालेल.

कौलांचं गणित सोपं आहे, म्हणूनच लोक चुकतात. मे महिन्यात कौलं उतरवून पातेरा झाडायचा, माकडांनी फोडलेली बदलायची, कोने नीट बसवायचे. एक वर्ष टाळलं तर काही दिसत नाही. दुसऱ्या वर्षी माजघरात एका जागी थेंब पडतो, तिथे भांडं ठेवतात. भांडं ठेवलं की प्रश्न सुटला असं वाटतं. पण भांड्यात पडतं ते पाणी दिसतं, रिपेवरून वाशात मुरतं ते दिसत नाही. मग वाळवी. तिसऱ्या-चौथ्या वर्षी कौलांचं काम राहत नाही, सुताराचं होतं, आणि आताच्या दिवसांत जुन्या घराचा वासा बदलून देणारा सुतार शोधायचा म्हणजे वराला वधू शोधण्यापेक्षा कठीण. आमच्या शेजारी एकांनी नारळ काढणाऱ्याशी झाडामागे दहा रुपयांवरून घासाघीस केली. तो पुन्हा फिरकला नाही, आणि सुकलेले नारळ आपसूक पडू लागले, थेट पडवीच्या कौलांवर. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, इथे तर दातच हलला.

(घराचा विमा हा वेगळा विषय, पण ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे छपरं उडाली आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा विमा नसलेल्यांची अवस्था आपण सगळ्यांनी पाहिली. एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना द्यावी लागते, वादळ-पूर त्यात येतात. किमान चौकशी करा.)

आता पैशाकडे येतो, कारण खरी गाठ तिथे आहे. आप्पांच्या ठेवी तीन बँकांत आहेत, हे चांगलंच आहे. एका बँकेत एका माणसाच्या ठेवीला व्याजासकट ५ लाखांपर्यंतच विमा असतो, फेब्रुवारी २०२० पूर्वी तर तो १ लाखच होता. मला काळजी आहे ती बचत खात्यात नुसती पडून राहणाऱ्या रकमेची. खात्यावर व्याज अडीच-तीन टक्के. महागाई सहा टक्के धरली तर बहात्तरला सहाने भागा, बारा वर्षांत भाव दुप्पट. बारा वर्षांपूर्वी ठेवलेला लाख तीन टक्क्यांनी आज सुमारे १ लाख ४३ हजार होतो, आणि तेव्हा लाखाला मिळणारी वस्तू आज दोन लाखांना. न खर्चताही पैसा खर्च होत असतो. हे सांगितल्यावर बरेच काटकसरी लोक खडबडून जागे होतात, ‘खर्च करा’ म्हटल्यावर होत नाहीत.

आणि एक युक्ती, जी मी शाखेत असताना कितीतरी जणांना लावून दिली. या पिढीला ठेव मोडवत नाही. मुद्दलाला हात लावणं म्हणजे शेत विकण्यासारखं वाटतं. पण व्याज खर्च करायला मन धजतं. त्यांच्या ठेवींचं व्याज जर मुदतीअखेर एकदम मिळणारं असेल तर ते त्यांच्या हिशेबी मुद्दलच झालेलं असतं. म्हणून एखादी ठेव पिकेल तेव्हा ती दर तिमाहीला व्याज खात्यात येईल अशी करून घ्या. ज्येष्ठ नागरिक बचत योजना त्यासाठी बरी: पाच वर्षांची, कमाल ३० लाख, एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के. ५ लाख ठेवले तर दर तिमाहीला १०,२५० रुपये. हा पैसा पेन्शनच्या खात्यात मिसळू देऊ नका. वेगळं खातं, आणि त्या पासबुकावर आप्पांच्याच अक्षरात लिहून घ्या: ‘घर व औषध’. हसू नका. नाव लिहिलेला पैसा खर्च होतो, बिननावाचा होत नाही. एका निवृत्त पोस्टमास्तरांनी असं खातं काढलं आणि वर्षभरात बायकोच्या गुडघ्याचे एक्स-रे काढून आणले, कारण खात्यात पैसे ‘पडून’ होते आणि पडून राहणं त्यांना खपेना.

हे करताना नॉमिनीची नोंद पाहून घ्या. जुन्या खात्यांवर ती कोरी असते, किंवा गेलेल्या आईचं नाव असतं. ठेवींसाठी नॉमिनीचा फॉर्म भरावा लागतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यावर चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. दोन वर्षं खातेदाराने काही व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं, दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती परत मिळते, पण तोपर्यंत कागद शोधणाऱ्याचे केस पिकतात. कुठे विसरलेलं खातं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर शोधता येतं. आणि सासूबाईंना प्रत्येक पासबुक दाखवा. ताई, माझ्या दृष्टीने तुमच्या यादीत नसलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. तुम्ही आप्पांबद्दल सहा ओळी लिहिल्यात, सासूबाईंबद्दल ‘त्यांच्याबरोबर राहतात’ एवढंच. त्यांना विचारा, एकट्याने: त्यांनी काय काय पुढे ढकललंय. दात, चष्मा, गुडघा, माहेरी जाणं. उत्तर ‘माझं काही नाही गं’ असं येईल. दुसऱ्या दिवशी परत विचारा.

बोलायचं कधी? गणपतीत नको. घर भरलेलं असतं, चुलत भाऊ, जावा, आणि त्यांच्यासमोर हिशेब निघाला की आप्पा हट्टाला पेटतील. मे महिन्यात जा. त्या दिवसांत आप्पा स्वतःच आगोटीच्या तयारीत असतात: तांदूळ, कुळीथ, सुकट, लाकडं, सगळं पावसाआधी आत घ्यायचं. त्या वेळी हा माणूस हात आखडता घेत नाही, पाहा तुम्ही. चार महिन्यांची बेगमी करायला त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. तेव्हा म्हणा, कौलं आणि बोर्डही आगोटीतच धरूया. यंदाच्या यादीत दोन ओळी वाढवूया. यजमानांनी म्हणावं, तुम्ही नव्हे. ते ज्या काटकसरीवर शिकले तिचं ऋण मान्य करूनच म्हणावं, ते खोटंही नाही.

चौकशी मात्र त्याआधीच सुरू करा. मेच्या दुसऱ्या आठवड्यानंतर कौलं चाळणारा माणूस आमच्याकडे मिळत नाही. फेब्रुवारीत फोन करून तारीख घ्या आणि पाचशे रुपये आगाऊ देऊन ठेवा. दिलेले पाचशे वाया जाऊ नयेत म्हणून आप्पा स्वतः त्याच्या मागे लागतील.